गुरुजी मागं बसायला शिकले

भगीरथ निचिते गुरुजींनी एकतीस वर्षं पोरांना शिकवलं, पण दुसऱ्याचं शिकवणं मागं बसून बघायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. मागं बसायचे ते साहेब. साहेब येणार म्हटलं की आदल्या दिवशी शाळा सारवून निघायची, पोरांची नखं कापली जायची, शेजारच्या घरातून हातांची खुर्ची यायची. साहेब खुर्चीत बसून एखाद्या पोराला एकोणिसाचा पाढा विचारायचे, पोरगं सातव्या घरात अडखळलं की गुरुजींकडं बघायचे, आणि शेरेबुकात दोन ओळी लिहून जेवायला उठायचे. 'अध्यापन समाधानकारक. पाठांतराकडे लक्ष द्यावे.' गुरुजींना वाटायचं, ही काय ती तपासणी.

त्यामुळं सत्त्याण्णवच्या जानेवारीत साक्षरतेच्या मोहिमेत मुरबाड तालुक्यातल्या अकरा प्रौढ वर्गांचे पर्यवेक्षक म्हणून त्यांचं नाव आलं, तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी बाजारातून लाल शाईचं पेन आणलं. बायकोनं विचारलं, "हे कशाला?" तर म्हणाले, "आता साहेब मीच."

पर्यवेक्षकांचं प्रशिक्षण शहापूरला होतं, तीन दिवसांचं. सरळगाव-किन्हवली करत गुरुजी एसटीनं पोचले तेव्हा सभागृहात तीस-पस्तीस माणसं जमली होती. बरेचसे शिक्षक, आणि तालुक्या-तालुक्यांचे समन्वयक. मुरबाडचा समन्वयक दामू धानके हा पस्तिशीतला, मोटारसायकलवरून फिरणारा, वर कागद वेळेवर पाठवण्यात हुशार माणूस. वर्ग चालवणं, स्वयंसेवक नेमणं, बंद पडलेले वर्ग दुसरीकडं हलवणं हे सगळं त्याच्या हातात. त्यानं गुरुजींना शेजारी जागा धरून ठेवली होती. "गुरुजी, तीन दिवस काढायचे. प्रमाणपत्र मिळतंय, घ्यायचं आणि घरी जायचं."

शिकवायला पुण्याच्या वसुधा टिपणीस नावाच्या बाई होत्या. साठीच्या, बारीक कापलेले पांढरे केस, पायात रबरी चपला. त्यांनी भाषण केलंच नाही. पाच जणांना समोर बसवलं आणि पंधरा मिनिटं एक पाठ घेतला. बाकीच्यांनी बघून काय दिसलं ते लिहायचं. पाठ संपल्यावर त्यांनी गुरुजींनाच उभं केलं. गुरुजींनी घसा साफ करून वाचलं, "अध्यापन प्रभावी. फलकलेखन सुवाच्य. विद्यार्थी एकाग्र."

"एकाग्र होते म्हणजे तुम्हाला काय दिसलं?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे... लक्ष होतं त्यांचं."

"कशावरून म्हणता?"

गुरुजींनी पुन्हा वहीत बघितलं. बाई हसून म्हणाल्या, "हे दामूभाऊ समोर बसले होते ना, त्यांनी पंधरा मिनिटांत चार वेळा घड्याळ बघितलं. मला शिकवता शिकवता दिसलं. तुम्हाला दिसलं नाही, कारण तुम्ही तेव्हा 'प्रभावी' लिहीत होता."

सभागृह हसलं. धानकेही हसला. एकतीस वर्षांत असं त्यांना कुणी भर सभेत बोललं नव्हतं.

मग बाईंनी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायला सांगितली. "डावीकडं जे डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं तेवढंच. उजवीकडं तुमचं मत. वर्ग सुटेपर्यंत उजवी बाजू कोरी ठेवायची. बसायचं ते माणसांबरोबर, खाली, खुर्चीत नाही. मध्ये बोलायचं नाही आणि काही झालं तरी खडूला हात लावायचा नाही. पाठ झाल्यावर आधी शिकवणाऱ्यानं बोलायचं, मग तुम्ही. आपल्या पाठीवर काय लागलंय ते माणसाला स्वतःला दिसत नाही, दुसऱ्यानं बघून सांगावं लागतं. तुम्ही तेवढ्यासाठी जायचं आहे."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना जीपमधून तानशाकडच्या एका गावात नेलं. तिथं गुरुजी चटईवर मांडी घालून बसले, तासभर तोंडातून अक्षर काढलं नाही, आणि डावीकडची चार पानं भरली. बाईंनी ती सगळ्यांना वाचून दाखवली. "असं हवं," म्हणाल्या. आदल्या दिवसाचा डाग धुऊन निघाला. आपल्याला हे आलं, आता यात शिकण्यासारखं काही उरलं नाही, असं गुरुजींच्या मनानं घेतलं. येताना बसमध्ये त्यांनी धानकेला ते सगळं दोनदा समजावून सांगितलं.

परके लोक, परका वर्ग, आणि बघायला बाई बरोबर, तेव्हा गप्प बसणं सोपं होतं. हे गुरुजींना पुढं कळलं.

वैशाखरे गावाच्या वरच्या अंगाला तासाभराच्या चढावर ठाकर आदिवासींची एक वाडी होती, पंचवीसेक घरांची. तिथला वर्ग सावळी मेंगाळ चालवायची. आश्रमशाळेत आठवी पास आणि नववी नापास झालेली एकोणीस वर्षांची मुलगी. वर्ग दुपारी तीनला, तिची काकी जनी हिच्या ओटीवर भरायचा, कारण सकाळी बायका लाकडांना जायच्या आणि संध्याकाळी चुली पेटायच्या. बारा बायका. सावळीचा बाप कमळू ओटीखाली बसून दोर वळत ऐकायचा, पण त्याचं नाव पटावर नव्हतं. "मी शिकाया नाय येत, मी आपला बसाया येतो," असं तो सांगायचा.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी गुरुजी घाम पुसत वर पोचले. जनीनं घोंगडी टाकली. त्यांनी ती बाजूला सारली आणि बायकांमध्ये, जमिनीवरच बसले. वहीवर रेघ मारली. इथवर सगळं शिकवल्याबरहुकूम झालं.

सावळी घाबरली होती. खडू दोनदा मोडला. पण मग तिनं बायकांना विचारलं, पाणी कुठून आणता? आणि बायका सुटल्या. खालची विहीर आटत चालली, वरच्या झऱ्यावर गोजरची म्हैस बसते, सकुबाईचा हंडा घसरून फुटला तेव्हा ती कशी पाण्यापेक्षा जास्त रडली. सगळ्या एकदम बोलत होत्या, हसत होत्या, आणि ते सगळं त्यांच्या घरच्या बोलीत, गुरुजींना निम्मंच कळेल असं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली. वाचनपाठाचं पुस्तक बंदच. गुरुजींनी डावीकडं लिहिलं, 'गप्पा.' मग ते मत झालं असं वाटून खोडलं. पायाला मुंग्या आल्या होत्या.

शेवटी सावळी फळ्याकडं वळली आणि मोठ्या अक्षरात तिनं लिहिलं, 'इहीर.'

गुरुजींना पुढं आठवायचं म्हटलं तरी आपण कधी उठलो ते आठवेना. आठवायचा तो एवढाच क्षण, की सावळीच्या बोटांतला खडू त्यांच्या बोटांत आला होता, आणि ते तळव्यानं फळा पुसत होते. "विहीर. वि-ही-र. पहिली वि ह्रस्व, ही दीर्घ. अगं, शिकवणाराच चुकला तर शिकणाऱ्यानं काय करायचं?" आवाजात राग नव्हता. तो रोजचा, चौथीच्या वर्गातला आवाज होता. मग त्यांनी पंचवीस मिनिटं पाठ घेतला. बायका एका सुरात म्हणाल्या. जनीनं म्हटलं, ताराबाईनं म्हटलं, सकुबाईनं पाटीवर काढूनसुद्धा दाखवलं. सावळी खांबाला टेकून उभी होती. वर्ग संपताना त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "हरकत नाही. येईल सवयीनं."

ते उतरायला लागले तेव्हा कमळू दोर वळायचा थांबला होता. पाहुण्याला म्हणायचं तसं 'सांभालून जा गुरुजी' तो म्हणाला नाही. गुरुजींना वाटलं, ऐकू आलं नसेल.

दोन आठवड्यांनी ते परत गेले तेव्हा ओटी रिकामी होती. फळा भिंतीशी उलटा करून ठेवलेला. जनी सुपात नाचणी निवडत होती.

"वर्ग?"

"नाय भरत."

"का?"

"सावळी बंधाऱ्याच्या कामाला जाते."

"अगं पण इतर बायका?"

जनीनं सूप खाली ठेवलं. बाई तोंडाची फटकळ, पण आज सावकाश बोलली. "गुरुजी, तुमी चांगला शिकवता. खोटा नाय बोलत. पन तुमी रोज येनार हाव का? रोज येनार तर सांगा, आमी सगल्या बसतो. नाय ना येनार? मंग जी रोज येत व्हती तिला कशाला बसवलीत खाली?"

"मी खाली बसवलं नाही. चूक दुरुस्त केली."

"सगल्यांच्या म्होरं," जनी म्हणाली. "तिच्या बापाच्या म्होरं."

गुरुजी उतरू लागले. उतार पायाखालचा होता तरी त्या दिवशी त्यांना तो लांब वाटला. अडुसष्ट साली त्यांच्या नोकरीचं दुसरंच वर्ष होतं, तेव्हा एका साहेबानं भर वर्गात त्यांच्या हातातून असाच खडू घेतला होता. गणितातली हातच्याची चूक. पोरं फिदीफिदी हसली होती. त्या दिवशी ते डबा न उघडता घरी गेले होते आणि आईला पोट बिघडलंय म्हणून सांगितलं होतं. ही गोष्ट ते पुढं लग्नाकार्यात, शिक्षकांच्या बैठकीत रंगवून सांगायचे, साहेबाच्या टोपीची नक्कल करून, आणि लोक पोट धरून हसायचे. इतक्या वेळा सांगितली होती की तिच्यातलं दुखणं कुठं गेलं त्यांचं त्यांना कळलं नव्हतं. आता वाटेवरच्या दगडावर बसल्यावर ते सापडलं.

महिन्याच्या शेवटी तक्ता भरून द्यायचा होता. त्यात एक रकाना होता, 'वर्ग बंद असल्यास कारण.' गुरुजींनी मुरबाडच्या कार्यालयात बसून, साध्या निळ्या शाईनं लिहिलं, 'पर्यवेक्षकाने चालू पाठात उठून स्वयंसेविकेच्या हातातील खडू घेतला व तिने लिहिलेला शब्द पुसला. त्यानंतर वर्ग भरलेला नाही.'

धानकेनं वाचलं, दार लोटून घेतलं. "गुरुजी, हे काय? हे वर जातं."

"जाऊ दे."

"स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय. माझ्याही. लोक विचारतील, हाच का तुमचा प्रशिक्षण घेतलेला पर्यवेक्षक? 'स्वयंसेविकेची अनास्था' लिहा. दोन शब्द. रस्त्यालगतच्या गावात बारावी झालेला एक पोरगा आहे, त्याला देऊ वर्ग."

"तो चढून जाईल रोज?"

"आठवड्यातून दोनदा जाईल."

"अनास्था मला दिसली नाही, दामू," गुरुजी म्हणाले. "खडू घेतलेला दिसला. मीच घेतला, म्हणून जरा उशिरा दिसला."

धानकेनं कपाळाला हात लावला, पण तक्ता फाडला नाही. "महिनाभर थांबतो. तेवढ्यात वर्ग उभा केलात तर बरं, नाहीतर हलवणार."

गुरुजी सावळीला भेटायला बंधाऱ्यावर गेले. दुपारची सुट्टी होती. ती दोन मैत्रिणींबरोबर बाभळीखाली भाकरी खात होती. त्यांना बघून ती उठली, पदराला हात पुसले. मैत्रिणी बाजूला सरकल्या.

माफी मागायची असं ठरवून ते आले होते, पण तोंडातून निघालं भलतंच. "सावळे, त्या दिवशी तू इहीर लिहिलंस. पुढं काय करणार होतीस?"

सावळी जमिनीकडं बघत म्हणाली, "त्यांना इ आन र येतो. हंड्यातला ह येतो. इहीर त्यांचा सबूद हाय, म्हनून तो आदी लिवला. त्यांनी वाचला असता, सगल्यांनी. मंग बाजूला विहीर लिवनार व्हते. मंग इचारनार व्हते, यात काय बदलला? बायांनी सांगला असता, इ गेला, वि आला. असा नवा आक्षर त्यांनीच धरला असता." तिनं एकदाच वर बघितलं. "मना विहीर लिवता येतो, गुरुजी. आश्रमशालेत आठ वर्सा लिवला मी."

पंधरा मिनिटं गप्पा म्हणून ज्याला त्यांनी कंटाळून सोडलं, तो पाठ होता. पुस्तकात नसलेला, तिनं स्वतः बांधलेला, आणि तो पुरा व्हायला फार तर दोन मिनिटं उरली होती. आश्रमशाळेत तिला तर असं कुणी शिकवलं नसणार. कुठून काढलं असेल पोरीनं हे?

"दोन मिनिटं दम धरायला हवा होता मी," ते म्हणाले.

"हां," सावळी म्हणाली. तिनं 'जाऊ द्या' म्हटलं नाही, आणि गुरुजींना ते बरं वाटलं.

"माझी चूक झाली. ती मी कागदावर लिहून दिलीय, पण ती तुझ्यासमोर बोललो नव्हतो. आता बोलतो. आणि एक काम आहे तुझ्याकडं. शनिवारी सकाळची शाळा असते माझी. माझ्या वर्गात येऊन मागं बस. मी शिकवीन, तू बघ. काय दिसलं ते लिही." त्यांनी तिला वहीवरची रेघ, डावी बाजू, उजवी बाजू, कुणी आधी बोलायचं, सगळं समजावून सांगितलं.

सावळीला खोटं वाटलं. "मी? तुमचा बघू?"

मागून मैत्रीण म्हणाली, "जा गो. काय खातील का तुला?"

शनिवारी सावळी आली, आणि जनीही आली, कारण एकट्या पोरीला कशी सोडायची. दोघी चौथीच्या वर्गात मागं, भिंतीला टेकून बसल्या. चौतीस पोरं. गुरुजींनी परिसर अभ्यासातला पाण्याचा पाठ घेतला. मागून पेन्सिलीचा आवाज येत होता, आणि आपण काय केलं की ती लिहिते हे त्यांना कळत नव्हतं. मध्येच त्यांना वाटलं, घंटा होईल तर बरं.

शाळा सुटल्यावर तिघं व्हरांड्यात बसली. गुरुजींनी वहीकडं हात केला. "वाच."

"आदी तुमी सांगायचा," सावळी म्हणाली. "तुमाला कसा वाटला? असाच ना कायदा?"

जनी पदरात तोंड घालून हसली. गुरुजींनी जरा विचार केला. "बरा झाला. पोरांनी उत्तरं दिली. शेवटी घाई झाली."

मग सावळीनं वाचलं. सावकाश, बोट ठेवून. "गुरुजींनी बावीस सवाल इचारले. पंधरा सवालांची उत्तरा म्होरच्या तीन पोरांनी दिली. विठू नावाचा पोर बरोबर बोलला, गुरुजींना ऐकू नाय आला, त्यांनी दुसऱ्याला इचारला. खिडकीकडं सात पोरी बसल्यात. त्यांना एक बी सवाल नाय. गुरुजी तिकडं गेलं नाय." तिनं पान उलटलं. "गुरुजींनी घागरीची गोष्ट सांगली तवा सगली पोरा हसली. खिडकीकडच्या पोरी बी हसल्या. एक पोर हसता हसता बाजूच्या पोरीला आमच्या बोलीत सांगत व्हती, काय झाला ते."

"तेवढंच?"

"डावीकडचा तेवढाच. उजवीकडं कायी नाय लिवला. मना नाय लिवायचा."

गुरुजींनी रिकाम्या वर्गाकडं बघितलं. सात पोरी. त्यांची नावं त्यांना पाठ होती, हजेरी रोज घेत होते. पण खिडकीतून सकाळी ऊन थेट डोळ्यांत येतं, म्हणून फळ्याकडून वळताना ते नेहमी दाराच्या अंगाला वळत. किती वर्षं? ही खोली बांधल्याला नऊ वर्षं झाली होती. आणि त्या सातांपैकी तिघी वरच्या वाड्यांमधल्या होत्या, ज्यांना गुरुजींची भाषा शेजारणीनं समजावून सांगायला लागत होती.

"ऊन येतं तिकडून," ते म्हणाले. त्यांनाच ते पोरासारखं वाटलं.

"मंग त्यांना हिकडं बसवा की," जनी म्हणाली. "नायतर खिडकीला पोता लावा. एवढा काय?"

सोमवारी गुरुजींनी खिडकीला गोणपाट लावलं, आणि मुलींच्या रांगा बदलल्या.

वर्ग पुन्हा भरवायला सावळीनं लगेच हो म्हटलं नाही. आठवडाभर तिनं वाट बघायला लावली. मग सरळगावच्या बाजारात कमळू भेटला. एका हातात दोरांचं भेंडोळं, दुसऱ्या हातात मिठाची पिशवी. "गुरुजी," तो म्हणाला, "बुधवारी येनार व्हय? पोरीनं इचारलाय." आणि पुढं चालू लागला.

त्या बुधवारी ओटीवर नऊ बायका होत्या. तिघी आल्या नाहीत, त्यांतल्या दोघी पुढंही आल्या नाहीत. गुरुजी मागं बसले. सावळीनं फळ्यावर 'येल' लिहिलं, बायकांनी वाचलं, आणि कुणाच्या येलाला किती भोपळे यावरून भांडण लागलं. गुरुजींनी दोन्ही हात मांडीखाली घातले. वही मांडीवर होती म्हणून उजवा मग बाहेर काढावा लागला. सावळीनं शेजारी 'वेल' लिहिलं. पन्नाशीची ताराबाई, जिनं चार महिन्यांत कधी आपणहून तोंड उघडलं नव्हतं, ती अंगठ्यानं फळ्याकडं दाखवत म्हणाली, "त्याचा डोका बदलला." सगळ्या हसल्या. मग थांबल्या, कारण ते बरोबर होतं.

वर्ग सुटल्यावर गुरुजींनी विचारलं, "तुला कसा वाटला?" आणि सावळी बोलत सुटली. सकुबाई मागं पडते, तिला लांबचं दिसत नाही, ती सांगत नाही. गोजर पुढं जाते आणि दुसरीची पाटी ओढते. पुस्तकातले शब्द बायकांचे नाहीत, वेगळा तक्ता करायला हवा, पण कागद नाही. गुरुजींकडं सांगण्यासारखं पानभर होतं. तिचं सांगून झालं तेव्हा त्यातलं दोनच ओळींचं उरलं होतं. मोठ्या कागदाचं त्यांनी लिहून घेतलं.

मे महिन्यात शहापूरला उजळणीची बैठक झाली. टिपणीसबाईंच्या हातात बंद पडलेल्या वर्गांचे तक्ते होते. बत्तीस वर्ग. कारणांत 'अनास्था', 'स्थलांतर', 'अनास्था'. मग त्यांनी गुरुजींचा तक्ता काढला आणि विचारलं, "हा मी वाचू, की तुम्ही वाचाल?"

गुरुजी उठून वाचू लागले. वाचून झाल्यावर कुणी हसलं नाही. मग वाडा तालुक्यातला एक शिक्षक म्हणाला, "मी खडू नाही घेतला. पण वर्गाच्या मधोमध मास्तरणीला रजिस्टर मागितलं, पाऊण तास तपासत बसलो." दुसरा म्हणाला, "मी गेलोच नाही. खालून हाक मारून सही घेतली." असं एकेक निघत गेलं. सगळ्यात शेवटी दामू धानके उठला. "मी समन्वयक आहे. दोन वर्षांत मी एकही वर्ग सुरू होण्यापासून सुटेपर्यंत बघितलेला नाही," आणि खाली बसला. नंतर त्यानं खरोखरच महिन्याला दोन वर्ग पुरे बघायला सुरुवात केली. एकदा डावीकडं दोनच ओळी लिहून आणल्या होत्या, पण त्या बघून लिहिलेल्या होत्या.

त्या बैठकीला सावळीही आली होती, बाईंनी मुद्दाम बोलावली म्हणून. पुढच्या वर्षी चार वाड्यांचे वर्ग बघायचं काम तिच्याकडं आलं, आणि तिला तीन वेळा नापास करणारी नववी ती चौथ्या वेळी पास झाली. तिच्या वर्गातल्या दहा बायकांपैकी सात जणी साक्षरतेची परीक्षा पास झाल्या. जनीनं परीक्षा दिलीच नाही. मला येतं ते मला ठाऊक आहे, आणखी कुणाला कशाला दाखवू, असं तिचं म्हणणं.

पण हे सगळं मागाहून. त्या मेच्या संध्याकाळी दोघं किन्हवलीच्या बसमध्ये शेजारी बसले होते. गुरुजी दमले होते, आणि हलकेही झाले होते. सावळी खिडकीशी, मांडीवर वही उघडून.

"काय लिहितेस?"

"बाईंचा लिवला," सावळी म्हणाली. "सकालपासून. बाईंनी मागच्या दोन ओलींना कायीच इचारला नाय. आन बाई बोलताना कोन मधी बोलला तर त्याचा पुरा होऊ नाय देत."

गुरुजी सरळ होऊन बसले. "बाईंना सांगितलंस?"

"सांगला ना. निघताना. आदी त्यांना इचारला, तुमाला कसा वाटला."

"मग? काय म्हणाल्या?"

"कायी नाय. वही काढली आन लिवून घेतला." सावळीनं वही मिटली. "मंग म्हनाल्या, पुना येशील का?"